वाढत्या अंगाचा

अहिल्येने एक पाय सूटमध्ये घातला आणि दुसरा घालताना तोल जाऊन ती कपड्यांच्या रॅकवर रेलली. तिचा मुलगा परीक्षित पुढे झाला, पण तिने हात वर करून त्याला होता तिथेच थांबवलं. खांद्यांवरचे पट्टे ओढून लावले, वरचं जॅकेट चढवलं, चेन हनुवटीपर्यंत नेली आणि ती आरशापुढे जाऊन उभी राहिली. आरशात एक जाडजूड काळा-केशरी सूट होता आणि त्याच्या वर सत्तरीला टेकलेल्या बाईचा अंबाडा.

सूट बायकांचा नव्हताच. बायकांसाठी दुकानात होती ती गुलाबी जॅकेटं, कमरेत चापून शिवलेली, बर्फावर फोटो काढून घेण्यापुरती. अहिल्येने त्यांचं अस्तर चिमटीत दाबून पाहिलं आणि ती परत अडकवली. मग दुकानातल्या मुलीने पुरुषांच्या भागातला सगळ्यांत लहान साइझ काढून दिला. बूट न काढता घालता यावा म्हणून पायांना मांडीपर्यंत चेन, गळ टाकताना बर्फावर टेकून बसावं लागतं म्हणून गुडघ्यांना गाद्या. आणि बर्फ फुटून पाण्यात पडलंच कुणी, तर हा सूट माणसाला तरंगत ठेवतो, असं ती मुलगी उत्साहाने म्हणाली.

हे शेवटचं तिने सांगायला नको होतं. पडायचा प्रश्न येतोच कुठे, आणि येत असेल तर जायचंच कशाला, असं परीक्षितने अर्ध्या मराठीत नि अर्ध्या इंग्रजीत आईला विचारलं. तो अल्फारेटाहून आला होता तो काही आईच्या मासेमारीची खरेदी करायला नव्हे. इथलं, ॲन आर्बरचं घर विकायचं आणि मार्चमध्ये आईला दक्षिणेला, उबदार जॉर्जियात आपल्याकडे न्यायचं, हे त्याने आणि त्याच्या बायकोने, निधीने, ठरवून टाकलं होतं. तिच्या खोलीला रंगसुद्धा देऊन झाला होता. आईला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

विमानतळावरून निघाल्यापासून तो एकच सांगत होता, की तुला आता इथली थंडी सोसणार नाही. गाडी अहिल्या चालवत होती. तिने ऐकून घेतलं आणि घराचं वळण सोडून गाडी या दुकानाकडे आणली.

ते वाक्य तिला पाठ होतं. तिचा नवरा, डॉक्टर मोरेश्वर, जन्मभर तेच म्हणाला. माणूस नागपूरचा, लग्न होईपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. इथे आल्यावर मात्र गोठलेल्या तळ्याला भोक पाडून त्यात गळ सोडून बसायचं वेड त्याला लागलं. रेवदंड्याच्या खाडीत गुडघाभर पाण्यात वाढलेल्या बायकोला तो दर शनिवारी घरी ठेवून जायचा. तुला सोसणार नाही, म्हणायचा. दुपारी पिशवीभर मासे सिंकमध्ये ओतायचा, आणि अहिल्या गार नळाखाली खवले काढत उभी राहायची. बोटं बधिर व्हायची. ती थंडी बायकोला कशी सोसते, हा प्रश्न डॉक्टरांना कधी पडला नाही. माणूस वाईट नव्हता. तो गेल्यावर अहिल्या कितीतरी महिने धड जेवली नव्हती. पण म्हणून राग जातो असं थोडंच आहे.

आता शोभनाने बोलावलं होतं. शोभना तिच्याच वयाची मैत्रीण, निवृत्त भूलतज्ज्ञ, आणि गोठलेल्या तळ्यावर गळ टाकून बसायला तिचा स्वतःचा तंबू होता. उद्या सकाळी दोघींनी जायचं ठरलं होतं.

परीक्षितने दुसरी वाट धरून पाहिली. बाबांचा सूट गॅरेजमध्ये तसाच टांगलेला आहे, तोच का नाही वापरत?

"त्यात माझ्यासारख्या दोघी मावतील," अहिल्या म्हणाली.

"आणि हा काय फिट होतोय? स्लीव्हज बघ, आई. बोटंपण दिसत नाहीत तुझी."

तिने बाह्या एकदा दुमडल्या, मग आणखी एकदा.

"वाढत्या अंगाचा घेतलाय."

परीक्षितला हसू आवरलं नाही. लहानपणीचं त्याचं प्रत्येक जॅकेट असंच असायचं. पहिल्या हिवाळ्यात बाह्या लोंबायच्या, तिसऱ्यात मनगटं उघडी पडायची. ही बाई किती हिवाळ्यांचा हिशेब धरून बसली आहे, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं आणि त्याचं हसू मावळलं. तो काउंटरकडे गेला, त्या मुलीशी हळू आवाजात काहीतरी बोलला आणि परत आला तो एकदम समजूतदार होऊन.

"ठीक आहे, घे. फक्त टॅग कापू नकोस, आत खोचून ठेव. एकदा जाऊन ये, हौस होईल तुझी. मार्चपर्यंत रिटर्न घेतात, मी विचारलंय."

ही विद्या त्याला तिनेच शिकवली होती. पाहुण्यांसाठी आणलेला हवेचा पलंग, त्याच्या पहिल्या इंटरव्ह्यूचा कोट, सगळं टॅग सांभाळून वापरायचं आणि घडी करून परत द्यायचं. त्या काळात लाज वाटायला सवड नव्हती. पण आज पोराने ती विद्या आईवरच चालवलेली पाहून तिची कानशिलं तापली.

तिने त्या मुलीकडे कात्री मागितली. टॅग बाहीला होता. तो तिने स्वतः कापला आणि परीक्षितच्या तळहातावर ठेवला.

"मी अल्फारेटाला भेटायला येईन. राहायला येणार नाही. निधीला आजच सांग."

त्याने टॅग खिशात टाकला. पैसे अहिल्येने भरले. सूट तिने काढला नाही, तो घालूनच ती पार्किंगमधून चालत गेली. वारा असा होता की परीक्षितने आपल्या पातळ जॅकेटची कॉलर कानांवर ओढून घेतली. गाडीत बसताच त्याने हीटर पूर्ण वाढवला आणि दोन्ही हात त्याच्यापुढे धरले.

गाडी तळ्याकाठच्या रस्त्याला लागली, तसा अहिल्येचा आवाज मऊ झाला.

"उद्या येतोस आमच्याबरोबर? बाबांचा सूट तुला बरोबर होईल."

परीक्षितने खिडकीतून त्या पांढऱ्या पसाऱ्याकडे पाहिलं. आत, दूरवर, दोन-तीन ठिपक्यांसारखे तंबू होते.

"नको गं आई. मला नाही सोसायची ही थंडी."

"मग तू घरी थांब," ती म्हणाली. "सुरी सिंकच्या बाजूच्या खणात आहे. दुपारपर्यंत मी मासे घेऊन येते."