ढोल्यानं चाटलेली डबी

ढोल्या सोफ्याखालून बाहेर आला तो तोंडाला फेस घेऊनच. मागे चेहऱ्याच्या क्रीमची डबी पडली होती, कडा चावलेली, आतून चाटूनपुसून साफ.

थोरल्या जावेचा या कुत्र्यावर भारी जीव. तिनं डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर. "अहो, तोंडाला लावायचं साधं क्रीम खाल्लंय त्यानं."

"मग घाबरू नका. तोंड पुसून घ्या, लक्ष ठेवा. काही वाटलं तर फोन करा."

दारात उभ्या धाकटीनं डबी ओळखली. डबी तिचीच, पण आत क्रीम नव्हतंच. कोपरावरच्या खपल्यांच्या मलमाची ट्यूब फाटली म्हणून तिनं ते या रिकाम्या डबीत काढून ठेवलं होतं. औषधवाल्यानं बजावलंही होतं, घरात कुत्रं असेल तर जपा, पोटात गेलं तर जिवावर बेतेल.

डबी असायची वरच्या मजल्यावर, तिच्या फळीवर. आणि ढोल्याला जिन्याच्या दोन पायऱ्या चढवत नव्हत्या.

धाकटी वर गेली, मलमाचं खोकं घेऊन खाली आली.

ती लग्न होऊन आली त्याच वर्षी थोरलीचं अत्तर हरवलं. तेव्हापासून थोरलीच्या कपाटाला कुलूप. चार पाहुण्यांत किल्ली कमरेला खोचत ती म्हणायची, "काय करणार बाई, घरातलेच हात लांब!" सासूबाई मान खाली घालायच्या आणि धाकटी पाहुण्यांपुढं चहाचे कप ठेवत राहायची.

"ताई, ही डबी त्याला कुठं मिळाली?"

"पडली असेल कुठंतरी. तुला काय करायचंय?"

ढोल्या भडाभडा ओकला. पाय थरथरू लागले.

"डबीत काय होतं ते मला माहितेय," धाकटी म्हणाली. "पण आधी तुम्ही सांगा, ती खाली कुणी आणली?"

"अगं, जीव जातोय त्याचा!"

"म्हणून तर लवकर सांगा."

ढोल्यानं मान उचलून तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर भिंतीवर ठेवली.

"मी घेतली! तुझ्या फळीवरून. झालं समाधान?"

"जरा मोठ्यानं. आईंना ऐकू आलं नाही."

"मी घेतली!"

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. धाकटीनं फोन ओढून घेतला, डॉक्टरांना पुन्हा लावला आणि खोक्यावरचं नाव वाचून दाखवलं. डॉक्टरांचा आवाजच बदलला. "आत्ताच्या आत्ता आणा! घरी ओकारी काढायला जाऊ नका, मीठबीठ पाजू नका. खोकं आणि डबी बरोबर घ्या."

ढोल्या वाचला. सलाईनसाठी पायावरचे केस भादरलेला, रोडावलेला असा घरी आला. त्याच दिवशी थोरलीनं मुकाट्यानं कपाटाचं कुलूप काढलं.

धाकटीनं तेच कुलूप उचललं, ढोल्याला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या देखत आपल्या खोलीला लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"आता हे कशाला गं?" थोरली कुजबुजली.

"कुत्रं आहे ना घरात, ताई."

थोरलीचा चेहरा पडला. धाकटीनं तो डोळे भरून पाहिला. ढोल्या शेपूट हलवत येऊन तिच्या पायाशी बसला. त्याच्याकडे मात्र तिला बघवेना.