मामाची बांधावरची परीक्षा

मला बघायला आलेली पोरं आता मला धड आठवतही नाहीत. काहींना मी पसंत नव्हते, काही मला नव्हते, आणि उरलेली सगळी पुंजाराममामानं बांधावर नापास केली. मी नगरच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे, भिंगारला खोली घेऊन राहते. रात्रपाळी करायची, सकाळची एसटी धरायची, तिसगावला उतरून वस्तीवर यायचं, तोंडावर पाणी मारून साडी नेसायची आणि पोह्यांचा ट्रे धरून उभं राहायचं. मागं एका पाव्हण्यानं आईला विचारलं, मुलगी अशी मरगळलेली का दिसते? मनात म्हटलं, बाबा, तू रात्रभर सलाईनी बदल, मग बघू तुझ्या तोंडावर किती तेज राहतं ते.

आता मामाच्या परीक्षेचं सांगते. माझा बाप दारूनं गेला. पोटात पाणी झालं, डोळे हळदीसारखे पिवळे पडले आणि चाळिशीतच कारभार आटोपला. तेव्हापासून आम्ही आईच्या माहेरी, मामाच्या वस्तीवर, आणि आईचा एकच हट्ट, पिणारा जावई नको. मामा तिला समजावायचा, "लंका, न पिनारा पोरगा आता देवळात बी घावायचा न्हाई. पिऊन कसा वागतो तेवढं बघू."

म्हणून पसंती झाली की सुपारी फोडायच्या आधी मामा पोराला एकट्याला आमच्या वस्तीवर जेवायला बोलवायचा. मटण, भाकरी आणि देशी. स्वतः नुसती ओठाला लावायचा आणि समोरच्याला पाजत राहायचा. पोरगा रडला की नापास. जमिनीच्या बढाया मारल्या की नापास. त्यातून कोणी वाचलाच तर शेवटी मामा म्हणायचा, "पाव्हणं, तेवढी हिरीवरची मोटर चालू करून या." विहिरीकडं जायला वीतभर रुंदीचा बांध, एका अंगाला तूर, दुसऱ्या अंगाला पाट. आजवर एकजात सगळे पाटात गेले. त्यात एक शाळामास्तर होता, तोही चपलांसकट.

करण मात्र मला आवडला होता. कशाला खोटं बोलू? तो पारनेर तालुक्यातला, सुप्याकडं एका लहानशा बियरच्या कारखान्यात कामाला. बघायला आला तेव्हा सगळे पगार विचारत होते, त्यानं तेवढं विचारलं, "झोप झाली का तुमची?" एवढ्यावर मी विरघळले. एकोणतिसाव्या वर्षी, एवढ्या रात्रपाळ्या झाल्यावर, माणूस एवढ्यावरही विरघळतो. आईनं कारखान्याचं नाव ऐकून नाक मुरडलं, तर मामा म्हणाला, "हलवायाला पेढ्याचं काय कवतिक?"

रविवारी दुपारी तो मोटारसायकलवर आला. मामानं चिंचेखाली बाज टाकून देशीची बाटली काढली, तेव्हा करणनं पिशवीतून आपल्या बाटल्या काढून ठेवल्या.

"मामा, ते राहू द्या. आमच्याकडची घेऊन बघा."

मामानं पेला नाकाशी नेला. "संत्र्याचा वास येतोय रं."

"संत्र्याची साल असते तिच्यात. आणि धने."

"धने? मंग रस्साच म्हना की."

करण हसला आणि सांगायला लागला. कामाविषयी बोलताना तो फार छान दिसायचा. म्हणाला, ही साधी बियर नाही, आठ टक्क्यांची आहे, पण कडू लागू द्यायची नाही, घशात जळू द्यायची नाही. पिणाऱ्याला आपण किती पितोय ते कळलंच नाही पाहिजे, त्यातच सगळी कारागिरी. प्रत्येक घाण्याची चव तोच बघायचा. त्यानं चांगली म्हटल्याशिवाय बाटल्या भरत नसत.

मामानं टक्क्यांकडं लक्षच दिलं नाही. त्याचं सगळं माप घशाचं. देशी घेताना घसा किती जळला त्यावरून तो थांबायचा, आणि त्या मापानं आयुष्यात कधी चुकला नव्हता. इथं घसा जळेचना. थंडगार, गोडसर, वर मटणाचा तिखट रस्सा. मी भाकरी घेऊन गेले की पेला रिकामा, परत गेले की पुन्हा रिकामा. एरवी ओठाला लावणारा माणूस, गटागटा पीत होता. मी म्हटलं, "मामा, दमानं." तर म्हणाला, "अगं सरबत हाय ह्ये. तुझ्या आईला बी दे घोटभर."

करणही त्याच्याबरोबरीनं पीत होता. पेल्याला पेला.

थोड्या वेळानं मामानं नेहमीचं फर्मान सोडलं. करण उठला, पँट झटकली आणि बांधावरून चालत गेला. मी चुलीपुढं होते, आई माझ्या शेजारी. दोघी बघत होतो. देवा, हा तरी पडू देऊ नको, असं मी मनात म्हणत होते. नाही पडला. मोटर चालू झाली, पाटाला पाणी आलं, आणि तो तसाच सरळ परत आला. मला इतका आनंद झाला की तव्यावरची भाकरी करपली.

मामाला काय हुक्की आली कुणास ठाऊक, तोही उठला. "मी बी दावतो तुला चालून." चार पावलं नीट गेला, पाचव्याला तुरीत बसला. उठायला जाऊन आणखी खाली गेला. करणनं पळत जाऊन त्याला काखेत हात घालून उचलला आणि बाजेवर आणून निजवला. मला हसू आवरेना. मामासुद्धा हसत होता, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांना पाणी आलं.

"पास," मामा म्हणाला. "लंका, पास झाला गं पोरगा. पेला बी हलला न्हाई त्याचा. दाजींच्या नंतर ह्योच एक."

आई भाकरी थापत राहिली.

"दाजींना मीच बघितलं हुतं. ह्याच बांधावर. आख्खी बाटली पोटात आन् असं सरळ गेलं, असं सरळ आलं. मीच बाला म्हनलो, पचवतो गडी, द्या पोरगी." मग तो लहान मुलासारखा रडायला लागला. रडला की नापास, हे त्याचं त्यालाच आठवलं नसावं.

आईनं परातीतलं पीठ एका जागी गोळा केलं. "तुझा बाप कंदी पडला न्हाई," ती मला हळूच म्हणाली. "उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, घरी यायचा, जेवायचा. पडला असता तर कुनी येळेत दवाखान्यात तरी नेला असता."

मी हात धुतले आणि चिंचेखाली गेले. आदल्या रात्री दारूनं लिव्हर गेलेले दोन पेशंट रक्ताच्या उलट्या करत होते, दोघंही बोलायला अगदी व्यवस्थित.

"करण, घोटभरही घेतली नाही असा शेवटचा दिवस कधी गेला?"

"कामावर तर रोज चाखावीच लागते," तो म्हणाला. "नाहीतर सुट्टीला, रविवारी..." आणि थांबला. आज रविवारच होता. मग तो खरंच आठवायला लागला. दिवाळीला गावी गेला होता, तेव्हा भावांसाठी पेटी नेली होती. मध्ये ताप आला होता तेव्हा... मान हलवली. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आजवर त्याला हे कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यानंही स्वतःला विचारलेलं दिसत नव्हतं.

"आठवत नाही," तो म्हणाला.

खोटं बोलता आलं असतं त्याला. मागच्या महिन्यात, म्हणाला असता, आणि मी खुशीनं विश्वास ठेवला असता. इतका राग आला मला त्याचा, खरं बोलल्याचा. तेवढ्या वेळात तो मला आधीपेक्षा जास्त आवडला, आणि तेवढ्यातच मी म्हणाले, "माझ्याकडून नाही जमणार. मी हे घरात बघितलंय आणि रोज दवाखान्यात बघते. तुम्ही तपासून घ्या एकदा. खरंच घ्या."

त्यानं मान डोलावली. वाद घातला नाही. बाजेवर मामा घोरत होता, त्याच्या डोक्याखाली उशी सरकवली आणि हेल्मेट उचललं.

"गाडी राहू द्या," मी म्हटलं. "तिसगावातून एसटी मिळेल. गाडी उद्या मामा पोचवेल."

"अहो, पण मला काहीच झालेलं नाही."

"तेच तर," मी म्हटलं आणि हात पुढं केला.

त्यानं किल्ली माझ्या तळव्यावर ठेवली. त्याचा हात जरासुद्धा थरथरत नव्हता.