डोकं कुठल्या देशात

"म्हणजे वरून कागद येतो, त्याप्रमाणेच तुम्ही मिश्रण करता. बरोबर ना?" लॅपटॉपवरून नजर न काढता दिशाने विचारलं.

मार्थाने दिशाच्या लॅपटॉपकडे पाहिलं. शेजारी बसलेले मॅनेजर दरंदले खुर्चीत जरा पुढे सरकले. सकाळीच त्यांनी तिला मिक्सिंग शेडच्या दारात गाठलं होतं. "बाई, पुण्याहून करसल्लागार येतीय. लई खोलात जायचं न्हाई. कागदाबरहुकूम करतो म्हनायचं, झालं. तुमच्या निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांच्या मुदतवाढीचं पत्र माझ्या टेबलावर हाय. संध्याकाळी सही करून टाकतो."

ती दोन वर्षं मार्थाला हवी होती. या रबरी सीलच्या कारखान्यात एकतीस वर्षं झाली, तरी रविवारी चर्चमधून सावेडीच्या रिकाम्या फ्लॅटवर परतताना तिला सोमवारची ओढ लागायची.

"हे कशासाठी लिहून घेताय?" तिने विचारलं.

"कंपनी वीस देशांत माल विकते," दिशा म्हणाली. "नफा कुठल्या देशाचा धरायचा आणि कर कुठे भरायचा, ते कोण काय काम करतं त्यावर ठरतं. इथे हातकाम होतं, म्हणून इथे खर्च भरून निघतो आणि वर थोडा टक्का नफा. डोकं स्वित्झर्लंडला, म्हणून बाकीचा नफा तिकडे."

"डोकं तिकडं?"

"मिश्रणाची कृती तिथल्या मूळ कंपनीच्या नावावर आहे ना."

"तिकडं उन्हाळ्यात किती तापतं?"

दिशाने वर पाहिलं. "पंचवीस-सव्वीस असेल."

"आमच्या शेडमधे आज त्रेचाळीस हाय. त्यांच्या मूळ कागदाप्रमाणं केलं, तर रबर साच्यात जायच्या आधीच शिजतं. दोनशे किलो फेकलं होतं आमी एका मे महिन्यात. मग रबर शिजवणारं गंधक मी शेवटी घालायला लागले, रबराचा पट्टा पाण्यात गार करून. सत्तावीस वेळा करून पाहिलं, तेव्हा प्रमाण बसलं. तो तक्ता मी तिकडं पाठवला. आता त्यांच्याच कागदावर छापून परत येतो. ब्राझीलच्या कारखान्याला पण तोच जातो."

"बाई, ही बारकीसारकी सुधारणा," दरंदले हसत म्हणाले. "पोह्यावर लिंबू पिळल्यासारखी."

"लिंबावाचून पोहे होतात, साहेब. त्या तक्त्यावाचून सील होत न्हाई."

दिशाची बोटं कळफलकावर थबकली होती. "मग असंच लिहू? लिहिलं की ते राहणार. आयकरवाले वाचतील, तिकडचेही वाचतील."

मार्थाने दरंदल्यांकडे पाहिलं. ते पंख्याकडे बघत होते. काट्यावर आलेला आकडा आवडला नाही म्हणून तिने आजवर कधी बदलला नव्हता.

"लिहा," ती म्हणाली.

पत्राचं संध्याकाळी काही झालं नाही. आठवड्याने दरंदले स्वतःच शेडमध्ये आले. "वरून थांबवायला सांगितलंय, बाई. मला लई वाईट वाटतंय."

"तुमचा काय इलाज," मार्था म्हणाली आणि समोरचं वजन पुरं केलं.

मेअखेरीस ती निवृत्त झाली. शाल, नारळ, गेटसमोर एक फोटो. तिच्या जागी सविता आली.

ऑगस्टमध्ये दरंदले सावेडीला आले. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलले, मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. "कुनाला सांगू नका. त्या करसल्लागार बाईंच्या अहवालातलं पान हाय. तिकडच्यांनी लई काटछाट केली, पन हे ऱ्हायलं."

पानावर एक तक्ता होता. 'पद्धत विकसित करणारी माणसं, ३१ मार्चअखेर.' जर्मनी अकरा. स्वित्झर्लंड सहा. भारत एक. शेजारच्या रकान्यात मागच्या वर्षीचे आकडे होते. तिथे भारतापुढे शून्य होतं.

नावं कुणाचीच नव्हती. मार्थाने चष्मा पुसला, रकान्यावरून बोट खाली नेलं. बेरीज अठरा. तिने मनात पुन्हा करून पाहिली.

"बरोबर हाय ना?" दरंदल्यांनी विचारलं.

"या वर्षीची बरोबर हाय," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी सतरा."

आणि कागदाची होती तशीच घडी घालून तिने तो त्यांच्या हातात दिला.