शेपूट स्टुलावर असताना

मी एक लाकडी पट्टी बोलतेय. लांबीला हातभर, रुंदीला दोन बोटं, अंगावर सुईनं डागलेल्या आठ खुणा. विमानाच्या टाकीत बुडायचं आणि पेट्रोल किती आहे ते सांगायचं, एवढंच माझं काम. गाडीवाले अशा पट्टीला डिपस्टिक म्हणतात. आमच्या घरात मला नुसतंच पट्टी म्हणायचे. हल्ली खोटारडी म्हणतात.

माझा जन्म एका गॅरेजात झाला. लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस तिथं स्वतःच्या हातानं एकाच माणसापुरतं विमान बांधत होता. सहा वर्षं बांधत होता. शेजारी त्याला कॅप्टन म्हणायचे, तेही त्याला ऐकू जाईल अशा बेतानं. पंखाच्या बरगड्या कापून जे तुकडे उरले, त्यांतला सर्वांत सरळ तुकडा मी. त्यानं मला रंध्यानं तासलं, एक डोळा मिटून माझी धार पाहिली आणि म्हणाला, "ही चालेल." मला काय अभिमान वाटला होता तेव्हा!

पेट्रोल टाकीतून इंजिनापर्यंत कसं जायचं, याचाच विचार तो दोन महिने करत होता. भिंतीवर कागद, कागदावर खाडाखोड. टाकी इंजिनापेक्षा उंच, म्हणजे पेट्रोल आपोआप खाली उतरेल, पंपाची कटकट नको. वाटेत पेट्रोल चालू-बंद करायचा एक कॉक आणि एक गाळणी. झाकणाला बारीक नळी, कारण आत हवा गेली नाही तर टाकी पेट्रोल सोडत नाही. टाकीचं तोंड मागच्या कडेला, कारण पुढे जागाच नव्हती. पेट्रोल किती उरलं ते दाखवणारा काटा मात्र त्यानं बसवलाच नाही.

"काटे खोटं बोलतात," तो बायकोला म्हणाला. "पट्टी खोटं बोलत नाही."

हे वाक्य मी जपून ठेवलंय.

त्याची बायको औषधांच्या दुकानात कामाला. पातळ औषधं मोजून बाटल्यांत भरणं तिच्याकडे. बावीस वर्षांत तिच्या मापाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. साहजिकच माझ्यावर खुणा करायचं काम तिच्याकडे आलं.

इथं एक गोष्ट समजून घ्या. या विमानाचं शेपटीचं चाक अगदी बुटकं, त्यामुळे जमिनीवर ते नाक वर करून बसतं. गॅरेजात मात्र त्यानं शेपूट बायकोच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर टेकवलं होतं. विमान सरळ राहिलं की कामाला बरं पडतं. स्टूल गेल्यापासून तिचा हात वरच्या फळीला पोचेना. "माझं स्टूल परत कधी येणार?" हा घरातला रोजचा प्रश्न, आणि "विमान उडालं की" हे ठरलेलं उत्तर.

एका सुट्टीच्या सकाळी ती दुकानातलं काचेचं माप घेऊन आली. दर पाच लिटरनंतर मला सरळ आत सोडायची, बाहेर काढायची आणि ओल जिथवर चढली असेल तिथं ब्लेडनं चीर द्यायची. मध्येच थांबून तिनं विचारलं, "अहो, उडताना विमान असंच असतं ना?"

"असंच. सरळ."

"आणि जमिनीवर?"

"जमिनीवर कोण उडतंय गं?"

दोघं खूप हसली. मीही हसले. मग तिनं मला वाळवून घरात नेलं, विणायची सुई तापवली आणि एकेक चीर डागली. दुखलं, पण मला किंमत येत होती.

विमान उडालं. पहिल्या तिन्ही वेळा त्यानं टाकी काठोकाठ भरली होती, त्यामुळे मला कुणी विचारलं नाही. चौथ्या वेळी धावपट्टीवर त्यानं मला आत सोडलं आणि वर काढलं. ओल बरोबर पंधराच्या खुणेवर.

"तासाला बारा लागतात," तो स्वतःशीच म्हणाला. "तासभर फिरून येऊ मजेत."

शेपूट तेव्हा जमिनीवर होतं. सगळं पेट्रोल टाकीच्या मागच्या कडेला, म्हणजे नेमकं माझ्याकडे जमलं होतं. मी भिजले तेवढं सांगितलं. पंचवीस मिनिटांनी इंजिन खोकलं आणि बंद पडलं. खाली कुरण होतं म्हणून तो वाचला. विमानाचं नाक मातीत रुतलं, नाकावरचा फिरता पंखा मोडला, त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. मी त्याच्या गुडघ्यापाशी अडकवलेली होते. माझी चूक काय झाली, हेच मला कळेना.

विमान ट्रकमधून गॅरेजात परत आलं. उद्या तपास अधिकारी येणार, असा फोन आला. त्या दुपारी तो एक हात झोळीत घालून गॅरेजात आला. कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग विमानाच्या शेपटीकडे. त्याला सगळं कळलं, आणि त्याच्या तोंडाकडे पाहून मलाही कळलं. मला वाटलं, आता हा बायकोला हाक मारील.

त्यानं फडकं घेऊन स्टूल पुसलं आणि एका हातानं उचलून स्वयंपाकघरात नेलं.

"अहो, एवढं दुखत असताना हे कशाला?" आतून तिचा आवाज आला. "पण बरं केलंत हो. थँक्यू."

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यानं मला उलटसुलट पाहिलं. "या खुणा कुणी केल्या?"

"बायकोनं," तो म्हणाला.

त्या उत्तरात खोटं काहीच नव्हतं. अधिकाऱ्यानं लिहून घेतलं, मापाच्या खुणांमध्ये चूक. दारात उभी असलेली ती म्हणाली, "पण मी तर नीट मोजून..."

"जाऊ दे गं, होते माणसाकडून चूक," तो म्हणाला. किती मायेनं म्हणाला! मला इतका राग कधी आला नव्हता.

गोष्ट दुकानापर्यंत गेली. मालकानं तिच्याकडचं माप दुसरीकडे दिलं. "तुम्हालाही जरा विश्रांती," म्हणाला. ती आता खोके उघडते. घरी मात्र नवऱ्याचं दुखण्यावरचं औषध तिच्याच हातचं. त्याचे थेंब काटेकोर मोजावे लागतात, दोन जास्त झाले तरी धोका. ती मोजून द्यायची, आणि तो पेल्यात न पाहताच पिऊन टाकायचा.

पंधरा दिवसांनी ती वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढली. पायाखाली रबराचा काळा डाग होता, शेपटीच्या चाकाएवढा. फडक्यानं तो निघाला नव्हता. ती डबा न काढताच उतरली आणि स्टूल घेऊन गॅरेजात आली.

शेपूट उचलून तिनं स्टुलावर ठेवलं. रिकाम्या टाकीत पाच लिटर पाणी मोजून ओतलं आणि मला आत सोडलं. ओल पाचच्या खुणेवर, केसभरही इकडेतिकडे नाही. मग स्टूल काढलं, शेपूट जमिनीवर आलं. पुन्हा मला आत सोडलं. पंधराच्या जरासं खाली.

आवाज ऐकून तो आला. "अगं, टाकीत पाणी? वेड लागलं का तुला?"

"स्टूल घरात कधी आणलंत?"

तो टाकीचं झाकण लावू लागला.

"साहेब यायच्या आदल्या दिवशी. मी तुम्हाला थँक्यू म्हटलं होतं."

"रचनेत दोष निघाला असता तर पुन्हा उडू दिलं नसतं गं. सहा वर्षं घातलीत मी यात." तो खाली पाहून बोलत होता. "आणि आता मिटलंय ना सगळं?"

"तुमची सहा वर्षं," ती म्हणाली. "आणि माझी बावीस?"

संध्याकाळी तिनं औषधाची बाटली आणि पेला त्याच्यासमोर ठेवला. "घ्या मोजून."

"मला कसं जमेल? तूच दे ना."

"माझं माप चुकतं," ती म्हणाली आणि आत निघून गेली. तो बाटलीकडे पाहत बसला. त्या संध्याकाळी त्यानं औषध घेतलं नाही.

आत्ता आम्ही त्या अधिकाऱ्याच्या दाराबाहेर आहोत. बाकावर जागा नाही, म्हणून ती आपल्याच स्टुलावर बसली आहे. मी तिच्या मांडीवर. येणारेजाणारे पाहून हसताहेत. फाइल पुन्हा उघडतील की नाही, ठाऊक नाही. तिचं माप तिला परत मिळेल की नाही, तेही ठाऊक नाही. त्या घरी मला आता जायचं नाही.

तुमच्या घरातही कुणी तरी निमूटपणे बरोबर मोजत असेल. काही बिघडलं तर त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी एवढंच विचारा, शेपूट तेव्हा कुठे होतं?

शिपायानं दार उघडलं. "ते विमानाचं माप चुकलं होतं, त्या बाई कोण?"

"चुकलं नव्हतं," ती म्हणाली, आणि स्टूल उचलून आत निघाली.