स्टेअरिंगवर कोण बसणार

वज्रेश्वरीहून एसटीनं भिवंडी आणि तिथून रिक्षानं दापोडे, एवढी यातायात मी फक्त आबांच्या, माझ्या वडिलांच्या, गाडीचं तेल बदलायला केली होती. सासरी सांगितलं, आईचे गुडघे दुखतायत. आईचे गुडघे ठणठणीत आहेत. ती त्यांच्यावर रोज सबंध गाव पालथं घालते.

गाडी म्हणजे ट्रक. आमची शेतं गोदामांखाली गेली, भाडं येऊ लागलं, माझ्या भावानं, मनोजनं, कार घेतली, तरी आबांनी ट्रक विकला नाही. हल्ली चालवायला ड्रायव्हर आहे, पण तेलपाणी आबा स्वतः करतात. त्यातही पॉवर स्टेअरिंगचं तेल बदलणं हे आमचं दोघांचं काम. मी शाळेत होते तेव्हापासूनचं, दर वर्षी गुढीपाडव्याच्या आधीच्या रविवारी. गेली दोन-तीन वर्षं मात्र मला यायला जमलं नव्हतं.

काम अवघड नाही. गाडीचं तोंड जॅकवर उचलायचं, म्हणजे पुढची चाकं मोकळी. तेल परत टाकीत नेणारा पाइप सोडवून डब्यात धरायचा. इंजिन चालू करून एकानं आत बसायचं आणि स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं, की काळं तेल डब्यात पडतं. आबा गाडीखाली आडवे पडून तेलाचा रंग बघतात. वरची टाकी रिकामी होत आली, की पंप हवा ओढतो आणि बारीक कण्हायला लागतो. बाकीचे लोक टाकीपाशी आणखी एक माणूस उभा करतात. आम्हाला तो कधी लागला नाही. पंपानं नुसता सूर बदलला, की आबांना खालून कळायचं. ते बंपरवर पाना वाजवायचे, मी हात थांबवायचे, ते उठून टाकी भरायचे. आमचं भांडण असलं तरी त्या दिवशी मिटायचं.

अंगणात शिरले तर ट्रक जॅकवर चढलेला, बॉनेट उघडं, आणि माझ्या जागेवर निशा. मनोजची बायको. साडीचा पदर कमरेला खोचून, स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून अशी बसली होती, की जणू ट्रक तिच्या माहेराहून आला होता.

"ताई! अहो, कळवायचं तरी," ती वरूनच म्हणाली.

काय कळवायचं? फोन केला की उचलते हीच. "आबा जेवतायत", "आबा झोपलेत", "मी सांगते त्यांना". माझ्या बापाशी बोलायला मला हिच्या खिडकीतून अर्ज करावा लागतो. गेल्या दिवाळीला सगळे बसले असताना आबा बोलता बोलता थांबून हिच्याच तोंडाकडे बघायचे, आणि ही हसून मान हलवायची. माझ्या पोटात तेव्हापासून जे दुखायला लागलं, ते थांबलं नव्हतं. तिला काही वाईट म्हणावं, तर तीही सोय नाही. आईला औषधं देते, भाकऱ्या माझ्यापेक्षा पातळ करते. अशा बाईचा राग करायला फार मेहनत पडते, पण मी ती घेत होते.

आबा पाना पुसत पुढे आले. मला बघून चेहरा उजळला, तेवढ्यानंही मला बरं वाटलं. "आलीस गो बाय? जेवून घे, मंग बोलू."

"मी बसते स्टेअरिंगवर," मी म्हटलं.

आबा निशाकडे बघायला लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ताई म्हणतायत, त्या बसतात," निशा सावकाश, मोठ्यानं म्हणाली. मला वाटलं, माझ्यावर उपकार केल्याचं दाखवतेय. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाली, "ताई, आज राहू द्या. मी बसते. तुम्ही टाकीपाशी उभ्या राहा ना."

"टाकीपाशी कशाला? आमच्यात टाकीपाशी कोणी उभं राहत नाही. तू उतर."

ती उतरली. क्षणभर दारात घुटमळली, मग स्वयंपाकघरात गेली. मी चढले, सीट पुढे ओढली, इंजिन चालू केलं. आबा खाली गेले. बंपरवर पाना वाजला, मी फिरवायला सुरुवात केली. डावीकडे टोकापर्यंत, उजवीकडे टोकापर्यंत. टोकाला धरून ठेवायचं नाही, लगेच परतायचं. मी काही विसरले नव्हते. निशाला आत ऐकू जावं म्हणून मी गुणगुणतसुद्धा होते.

थोड्या वेळानं पंपाचा सूर बदलला. मी टकटकीची वाट बघितली. आली नाही. पंप कण्हायला लागला. मला वाटलं, आबांना अजून थोडं काढायचं असेल. आबांच्या कानापुढे माझ्या कानाची काय पत्रास? मी फिरवत राहिले. पंप किंचाळायला लागला, स्टेअरिंग हातात धक्के देऊ लागलं, आणि मी तरीही फिरवत होते, कारण आबांनी थांब म्हटलं नव्हतं.

निशा पिठाच्या हातानं धावत आली. पायरीवर चढून, माझ्या अंगावरून वाकून तिनं इंजिन बंद केलं.

"पंप जाईल ताई!"

आबा खालून बाहेर आले, कपाळाला आठ्या. "बंद कुनी केला? अजून येत व्हता."

"मी केलं आबा," निशा त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली. "चहा झालाय."

ते मान हलवून बॉनेटकडे वळले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. माझे हात अजून स्टेअरिंगवरच होते. मी हाक मारली, "आबा." नेहमीच्या आवाजात. मग जरा मोठ्यानं. मग एसटी स्टँडवर मारतात तशी.

त्यांनी टाकीचं झाकण काढलं आणि आत बघत राहिले.

"दोन वर्षं झाली," निशा खालच्या आवाजात म्हणाली. "हळूहळू गेलं. समोरून बोललं तर ओठांवरून कळतं. मशीन लावायला तयार नाहीत. तुमच्या भावाला कळलं तर ते ट्रक विकतील, म्हणून कोणाला सांगायचं नाही म्हणाले. आईंनाही नाही. मी आत बसून पंप ऐकते आणि इंडिकेटर लावते, तो त्यांना खालून दिसतो."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. आधी जळलंच. बापाचा कान गेला आणि तो हिला माहीत, मला नाही! स्टेअरिंगचं काय, ते मी कधीही हिसकावून घेतलं असतं. हे कसं हिसकावणार?

मी उतरून आबांसमोर जाऊन उभी राहिले. "मला का नाही सांगितलं?"

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, मग निशाकडे. त्यांना कळलं, मला कळलंय. तेलकट हात पायजम्याला पुसत ते म्हणाले, "ती घरातली हाय. तिच्यापासून काय लपनार? तू चार दिस येतेस. तुझ्यासमोर मना धड र्‍हायचा व्हता, बाय."

ते हसले. माझ्यासाठी म्हणून हसले, पाहुण्यासाठी हसतात तसे. मला ते बघवेना. मी तोंड फिरवलं आणि गोदामांच्या पत्र्यांकडे बघत म्हटलं, "मला धड बाप नको होता. आहे तसा हवा होता."

मागून आबांनी विचारलं, "काय म्हनते ती?"

मला परत वळून ते बोलता आलं नाही. निशा त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि माझं वाक्य सावकाश, एकेक शब्द सोडवून, त्यांना सांगू लागली.