शिक्के विभागातले सहा जण

शिक्के विभाग तळघरात होता, पाण्याच्या पंपाला खेटून. कधीकाळी तिथे सहा माणसं रबरी शिक्के बनवायची. मग कंपनीने कागदच बंद केला. दोघं निवृत्त झाले, दोघांनी दुसरीकडे नोकरी धरली, एक जण वारला. उरला एकटा शिक्केवाला. त्यालाही काढायचं ठरलं होतं, पण ज्याने काढायचं त्याचीच बदली झाली. तेव्हापासून चार वर्षं तो दहाला यायचा, सहा खुर्च्या पुसायचा आणि सहाला जायचा. बायकोचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा कंपनीच्या कार्डावर चालायचं. म्हणून तो जिन्यात शिंकायचासुद्धा नाही.

एके सकाळी कंपनीचा टपालवाला सहा फॉर्म घेऊन खाली आला. 'मोठ्या कंपनीत काम करण्याचे फायदे आणि तोटे. मत गुप्त राहील.' खाली बारीक अक्षरांत: पाचांहून कमी फॉर्म आल्यास विभाग बंद करण्यात येईल.

"सहा कसे?"

"सर्वेक्षणवाल्यांकडे जुनी यादी आहे. त्यांच्या लेखी तुमच्याकडे अजून गोकुळ नांदतंय."

"बोंबला! मी एकटा काय करू?"

"सहाच्या सहा भरा, शिक्केराव. अक्षर तेवढं बदला. आणि सगळेच खूश दाखवू नका, संशय येतो. एकाला चहाबद्दल कुरकुरू द्या."

शिक्केवाल्याने तीन दिवस जीव ओतून फॉर्म भरले. चहाची तक्रार वारलेल्याच्या तोंडी घातली. हयातीत त्या बिचाऱ्याने कधी तोंड उघडलं नव्हतं. स्वतःच्या फॉर्मवर फायद्यांत लिहिलं, 'इथे माणूस हरवला तरी कोणी शोधत नाही.' तोट्यांतही तेच लिहिलं.

महिन्याने निकाल लागला. सबंध कंपनीत सर्वांत समाधानी विभाग: शिक्के. मोठे साहेब ढाल घेऊन तळघरात उतरले, मागे फोटोवाला.

"बाकीचे पाच कुठायत?"

शिक्केवाल्याने हातातलं फडकं पाठीमागे लपवलं. "साहेब... मीच बघतो सगळं."

साहेब रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिले. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे सहा जणांचं काम एकटा? आणि वर समाधानी?" त्यांनी ढाल त्याच्या हातात कोंबली. "हे सगळ्यांना कळलं पाहिजे!"

कळलं. आठवड्याभरात फर्मान निघालं: प्रत्येक विभागात सहांमागे एकच माणूस राहील. बाकीच्यांना पत्रं. वकील म्हणाले, पत्र कागदावरच हवं, शिक्क्यासकट. चार वर्षांनी शिक्के विभागाला काम आलं. शिक्का होता 'कार्यमुक्त'.

पत्रांचं पोतं टपालवाल्यानेच खाली आणलं. त्यातलं एक वेगळं काढून त्याने टेबलावर ठेवलं. त्यावर टपालवाल्याचंच नाव होतं.

शिक्केवाल्याने शिक्का खाली ठेवला. "हे मी नाही मारणार. वर जाऊन सांगतो, फॉर्म खोटे होते म्हणून."

"वहिनींचं डायलिसिस कधी आहे?"

"उद्या."

टपालवाल्याने वारलेल्याची खुर्ची ओढली आणि बसून पत्र सरळ केलं.

"मग मारा. आणि नीट मारा हो, पुसट आला तर परत पाठवतात. माझे गुडघे पुन्हा हे जिने उतरायचे नाहीत."

शिक्केवाल्याने शिक्का गादीवर टेकवला, मग कागदावर दाबला. बराच वेळ उचललाच नाही.

"झकास उमटलाय," टपालवाला म्हणाला. मग त्याने ते पत्र रीतसर स्वतःला दिलं, पोचपावतीवर सही केली आणि उरलेली पत्रं एकेक करून पुढे सरकवू लागला.