ह्यांच्या खेळाला या

माझा आवाज चांगला हाय असं मला कधी कुणी सांगितलं न्हवतं. सासू तर म्हणायची, आसराबाई बोलली की शेळ्या पाणी प्यायच्या थांबतात. तोच आवाज टेपमध्ये भरायची बुद्धी आमच्या ह्यांना झाली, आन् तिथून माझ्या संसाराला वाळवी लागली.

हे जत्रेत गोळीची मशीन लावायचे. शहरातले लोक तिला पिनबॉल म्हणतात. काचेखाली उतार असतो. खटका ओढला की लोखंडी गोळी वर पळती, खुंट्यांना धडकत खाली येती, आन् दोन बाजूंची बटनं दाबून तिला खालच्या भोकात पडू द्यायचं न्हाई. पहिली मशीन ह्यांनी एक्याऐंशी साली औरंगाबादच्या भंगारातून आणली, आमच्या लग्नाच्या आदल्या साली. तिच्या पोटात खऱ्याखुऱ्या घंट्या होत्या, तीन, लहान-मोठ्या. म्हातारी माणसं खेळायची न्हाईत, नुसती घंट्या ऐकत उभी राह्यची.

मंग मुंबईहून दुसरी आली. तिच्यात घंट्या न्हवत्या, नुसतं टुंय टुंय, आन् ती बोलायची. इंग्रजीत. बाप्याचा आवाज, रांजणात तोंड घालून बोलल्यावानी. पैसा टाकला की काहीतरी दरडावायची. कुंभार पिंपळगावच्या बाजारात एका म्हाताऱ्यानं तिला हात जोडले आन् म्हणला, साहेब, माझं काय चुकलं? तवापासून लोक गोळीसाठी कमी आन् शिव्या खायला जास्त यायला लागले.

दोन पावसाळ्यांत तिचा बोलायचा डबा बिघडला आन् मशीन मुकी झाली. अंबडला वसंता रेडिओवाला होता. तो म्हणला, असलं सामान इथं भेटत न्हाई, मी आत टेप बसवून देतो. रुपया पडला की टेप फिरंल, एक वाक्य बोलंल आन् थांबंल. फक्त कॅसेटभर तेच तेच वाक्य पाहिजे.

हे मला म्हणले, बाईचा आवाज असला तर गर्दी होईल, तूच बोल. वाक्यबी ह्यांनीच जुळवलं. या, अमक्याच्या खेळाला या. अमक्याच्या जागी ह्यांचं नाव. आता नवऱ्याचं नाव मी कसं घेऊ? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच.

"अगं, नाव मशीन घेणार हाय, तू न्हाई," हे म्हणले.

"मशीन घेईल, पण तोंड कुणाचं हाय?" मी म्हणले.

शेवटी मी माझ्याच पद्धतीनं बोलले. या, ह्यांच्या खेळाला या. दार लावून घेतलं आन् एका बाजूला दोनशे खेपा, दुसऱ्या बाजूला दोनशे खेपा तेच बोलत बसले. पहिल्या पन्नास गोड. मंग घसा सुकला. मधी एकदा शेळी ओरडली, तीबी भरली. शेवटाला तर मी भांडायला बोलावल्यावानी बोलून राह्यले होते. हे समोर बसून बोटानं खूण करायचे आन् हसायचे. लग्नाला सहा वर्षं झाल्ती, पण ह्यांनी माझ्या तोंडाकडं एवढा वेळ पाह्यलं ते त्याच दिवशी. मला ती कॅसेट संपूच नये वाटलं.

मशीन लई गाजली. पोरं रुपया टाकायची आन् विचारायची, ह्यांच्या म्हंजी कुणाच्या? गावोगाव तिला ह्यांची मशीनच म्हणायला लागले. मी लटका राग करायचे, पण मनातून खूश होते.

पुढं ह्यांचं घरी येणं कमी झालं. आधी पंधरा दिवसाला यायचे, मंग सणाला, मंग तेबी न्हाई. पोटी लेकरू न्हाई, कशाला येईल माणूस, असं जावा माझ्या कानावर पडंल इतक्या मोठ्यानं बोलायच्या. पण कुणी जत्रेहून आलं की सांगायचं, आसरा, ऐकलं गं तुला शहागडात. ऐकलं तुला अंबडात. तेवढं मला पुरायचं. माझा आवाज ह्यांच्याजवळ हाय तवर मीबी ह्यांच्याजवळ हाय, असं मी धरून चालले. यडी होते, दुसरं काय.

शहाण्णव साली चुलत जाऊ साखराबाई शहागडच्या जत्रेहून आली आन् म्हणली, "तुझा आवाज लई बारीक झाला गं. कॅसेट घासली वाटतं."

दोन वर्षं हे घरी आल्ते न्हाईत. मला निमित्तच भेटलं. अंबडला उतरून कोरी कॅसेट घेतली, पुन्हा भरून देऊ म्हणून. शहागडच्या गाडीत घसा साफ राहावा म्हणून तोंडात खडीसाखर धरली आन् मनातल्या मनात वाक्य घोकत गेले.

जत्रेत मशीन सापडायला वेळ लागला न्हाई. हे न्हवते. स्टुलावर एक बाई बसून सुट्टे देऊन राह्यली होती, माझ्याहून धाकटी. मी रुपया टाकला.

या, ह्यांच्या खेळाला या.

आवाज माझा न्हवता. बारीक, गोड. मला वाटलं, पैसे देऊन आणली असंल कुणी बोलायला. मंग डोक्यात उजेड पडला. पैसे घेऊन बोलणारी बाई सरळ नाव घेईल, तिला कसली लाज? चुकून निघालं असंल म्हणून पुन्हा रुपया टाकला. पुन्हा तेच. चार डाव टाकले. गोळ्या आपसूक भोकात गेल्या, मी बटनाला हातबी लावला न्हाई. चारी बार ह्यांच्या. ह्यांच्या फक्त बायको म्हणती.

आता मला त्याचं नाव घ्यायला काही हरकत न्हाई. बिरू. बिरू त्याचं नाव.

"हा आवाज तुझा हाय का?" मी त्या बाईला विचारलं.

माझा आवाज ऐकला आन् तिचा सुट्टे मोजणारा हात थांबला. "तुम्ही टेपमधल्या," ती म्हणली. "दोन वर्षं रोज ऐकला तुमचा आवाज. ते म्हणले, बहिणीचा हाय."

"आन् तुला पटलं?"

तिनं मान खाली घातली. बेबीनंदा तिचं नाव. "बहीण कशाला ह्यांच्या म्हणंल, आक्का? मला पहिल्याच दिवशी कळलं. दिवसभर कानात तुम्ही. शेवटी त्याच कॅसेटवर माझा भरला."

मी तिच्या झिंज्या उपटायला पाह्यजे होत्या. पण तिच्या जागी मी असते तर मीबी तेच केलं असतं, आन् त्याचाच मला जास्त राग आला.

तेवढ्यात बिरू चहाचे गिलास घेऊन आला. मला बघून जरा थबकला. "आसरा? कधी आली?" म्हणला, मी विहिरीवरून आल्यावानी.

"मला बहीण केलं?"

"मंग लोकासमोर काय सांगू?"

"माझा आवाज तरी ठेवायचा होता. दुसरी कॅसेट भेटत न्हवती?"

त्यानं जरा विचार केला. खरंच केला. "तीच मशीनीत बसवलेली होती," तो म्हणला.

मला वाटलं होतं, पुसताना त्याचा हात थोडा तरी अडला असंल. त्याच्या ध्यानातच आलं न्हवतं. माझ्या हातातल्या कॅसेटकडं बघून म्हणला, "कोरी हाय का? ठेव, कामाला येईल." मी ठेवली. माझ्या काय कामाची होती?

बेबीनंदा म्हणली, आक्का, दोन घास खाऊन जावा. मी पिशवी उचलली.

आमच्याकडं निघताना कुणी जाते म्हणत न्हाई. कितीबी भांडण होऊ द्या, येते म्हणायचं. जाणं म्हंजी मेल्या माणसाचं. मी बिरूच्या तोंडाकडं बघितलं आन् चांगलं मोठ्यानं म्हणले, "जाते."

बेबीनंदानं चटकन तोंडावर हात घेतला.

"हां, बराबर हाय," बिरू म्हणला. "जल्दी निघ, अंबडची गाडी हुकंल."